नट, तालीम मास्तर, शिक्षक: स्तानिस्लावस्कींच्या तीन कारकिर्दी

नट दिग्दर्शनाला बसला की त्याला एक आजार हमखास जडतो: करून दाखवण्याचा. समोरचा नट एखाद्या वाक्यावर अडला की हा खुर्चीतून उठतो, ते वाक्य स्वतः म्हणून दाखवतो, ‘हां, असं’ म्हणतो आणि परत बसतो. वाक्य सुटतं, प्रवेश पुढे सरकतो, तालमीचा वेळ वाचतो. आठ-दहा दिवसांनी लक्षात येतं की रंगमंचावर पाच पात्रं आहेत आणि पाचही जण एकाच माणसासारखे बोलतायत. तो माणूस खाली खुर्चीत बसलेला आहे.

रशियन रंगभूमीवर या करून दाखवण्याला ‘पकाझ’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्कींचं नाव अभिनयाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात निघतं, आणि निघतं ते बहुधा भावनिक स्मृतीच्या, म्हणजे आपलाच जुना अनुभव आठवून भूमिकेतली भावना जागी करण्याच्या, संदर्भात. पण त्यांची नट, दिग्दर्शक आणि शिक्षक ही कारकीर्द सलग पाहिली तर ती या ‘पकाझ’शी चाळीस वर्षं चाललेली झटापट दिसते. त्यात ते प्रत्येक वेळी जिंकले असंही नाही.

जन्म १८६३चा, मॉस्कोतला. घराणं अलेक्सेयेव्ह, धंदा सोन्याचांदीच्या जरीचा. १८७७ मध्ये घरच्यांनी नाटकं करायला स्वतःचं छोटं थिएटर उभारलं, तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याच वर्षापासून त्याने वहीत आपल्याच कामाची चिरफाड लिहायला सुरुवात केली: आवाज कुठे घुसमटला, हात कुठे आडवे आले, कोणाची नक्कल झाली. ही सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही, आणि अभिनय शिकवण्याच्या त्यांच्या पुढच्या सगळ्या ‘पद्धती’चं बियाणं या वह्यांतच आहे. स्तानिस्लावस्की हे रंगमंचापुरतं घेतलेलं नाव, कारखानदाराच्या पोराचे हे उद्योग घरी कळू नयेत म्हणून.

१८८८ मध्ये त्यांनी हौशी मंडळींची ‘कला आणि साहित्य संस्था’ काढली. १८९० मध्ये जर्मनीतली मायनिंगन नाटक कंपनी मॉस्कोत आली. तिचे दिग्दर्शक क्रोनेक तालमीत लष्करी शिस्त ठेवत आणि जमावाचे प्रवेश घड्याळासारखे बसवत. स्तानिस्लावस्कींनी ती करडी शिस्त जशीच्या तशी उचलली, आणि पुढे आत्मचरित्रात याची कबुलीही दिली. नट म्हणजे हलत्या बाहुल्या, हलवणारा हात दिग्दर्शकाचा.

त्या वेळी यात चूक होतीच असं म्हणता येत नाही. हाताशी नट हौशी होते, दिवसभर दुसरीकडे नोकरी करून येणारे. अप्रशिक्षित नटाला करून दाखवलं तर प्रयोग निदान उभा राहतो. किंमत नंतर मोजावी लागते: ज्याला सगळं दाखवून मिळालं तो पुढच्या नाटकातही दाखवण्याचीच वाट पाहत उभा राहतो.

२२ जून १८९७ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) मॉस्कोतल्या ‘स्लाव्यान्स्की बाजार’ या उपाहारगृहात नाटककार आणि शिक्षक नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याशी त्यांची बैठक झाली. दुपारी दोनला बसलेले दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उठले. अठरा तासांत मॉस्को आर्ट थिएटर ठरलं, आणि कामाची वाटणीही: नाटक निवडणं आणि साहित्याच्या बाजूने शेवटचा शब्द नेमिरोविच यांचा, बसवण्याच्या बाजूने स्तानिस्लावस्कींचा. दोन मालक असलेली संस्था पुढे इतकी वर्षं टिकली त्याचं बरंचसं श्रेय या वाटणीला आहे, आणि दोघांतल्या बेबनावाचंही.

१८९८च्या ऑक्टोबरमध्ये पडदा वर गेला. डिसेंबरमध्ये चेकॉव्ह यांचं ‘सीगल’ आलं. हे नाटक दोनच वर्षांपूर्वी पीटर्सबर्गमध्ये आपटलं होतं. स्तानिस्लावस्की खार्कोव्हजवळ भावाच्या घरी जाऊन बसले आणि संपूर्ण नाटकाचा आराखडा त्यांनी एकट्याने कागदावर उतरवला. कोण कुठे बसतो, कधी सिगारेट पेटवतो, थांबा किती सेकंदांचा, कुत्रा कधी विव्हळतो, बेडूक कधी डरावतात. पहिल्या अंकात नटांना एका लांब बाकावर प्रेक्षकांकडे पाठ करून बसवलं. हे कागद मॉस्कोला गेले आणि बऱ्याचशा तालमी नेमिरोविच यांनी त्यावरून घेतल्या. एकूण तालीम सुमारे ऐंशी तासांची.

म्हणजे नट समोर नसताना, त्याचा आवाज कानावर नसताना त्याची प्रत्येक हालचाल ठरली होती. हा ‘पकाझ’चाच प्रकार, फक्त कागदावरचा. प्रयोग प्रचंड गाजला. त्यामुळे ही रीत बरोबर असल्याची खात्री पटली, आणि ते जास्त धोक्याचं ठरलं.

याच नाटकात लेखक त्रिगोरिनची भूमिका त्यांनी स्वतः केली, रुबाबदार पांढऱ्या पोशाखात. चेकॉव्ह यांनी प्रयोग पाहिला, काम छान झालं म्हणाले, पण त्रिगोरिनला चौकटीची विजार आणि फाटके बूट हवेत असंही सांगितलं. स्तानिस्लावस्कींना हे कोडं सुटायला बरेच दिवस लागले. त्रिगोरिन हा सुमार, घासून गुळगुळीत झालेला लेखक आहे. नाटकातल्या नीना या तरुणीला तो राजबिंडा वाटतो हे नीनाच्या डोळ्यांतलं चित्र. नटाने रंगवलं ते चित्र, माणूस राहूनच गेला. नटमंडळींना भूमिकेबद्दल दिलेली इतकी नेमकी सूचना फार कमी सापडते: भावनेबद्दल एक अक्षर नाही, फक्त विजार आणि बूट.

खरा खड्डा १९०६ मध्ये आला. जर्मनीचा दौरा आटोपून ते फिनलंडमध्ये विश्रांतीला गेले. चेकॉव्ह दोन वर्षांपूर्वी वारले होते. समुद्रकाठच्या बाकावर बसून स्तानिस्लावस्कींनी आपल्या जुन्या भूमिका तपासल्या, त्यांत १९०० पासून गाजत असलेला इब्सेनच्या ‘एनिमी ऑफ द पीपल’ या नाटकातला डॉक्टर स्टॉकमन होता. या भूमिकेची शारीरिक ठेवण ठरलेली होती: पुढे झुकलेलं अंग, घाईची चाल, अधू नजर, आणि बोलताना पुढे येणारी तर्जनी आणि मधलं बोट. सुरुवातीला हे सगळं आतून आलं होतं. नुसती ती बोटं पुढे केली तरी स्टॉकमनचं मन जागं व्हायचं. यातल्या कितीतरी लकबी आपण ओळखीच्या माणसांकडून नकळत उचलल्या होत्या, हेही त्यांना मागाहून उमगलं.

सहा वर्षांनी बोटं तीच होती, चाल तीच होती, आत मात्र काही हलत नव्हतं. प्रेक्षकांना फरक कळत नव्हता. नटाला कळत होता.

लांब चाललेल्या नाटकातल्या कुठल्याही नटाला हे ओळखीचं वाटेल. कारण साधं आहे: स्नायूंची आठवण पक्की असते आणि आपसूक चालते, ज्या कारणासाठी ते बोट पहिल्यांदा पुढे आलं, ते कारण मात्र रोज नव्याने शोधावं लागतं. शोधलं नाही तर बोट एकटंच काम करत राहतं. ‘रोज ते कारण हुकमी जागं कसं करायचं’ या एका प्रश्नातून शिक्षक स्तानिस्लावस्की जन्माला आले. म्हणजे आधी स्वतःचं बंद पडलेलं यंत्र उघडून पाहिलं आणि मग शिकवायला सुरुवात झाली.

पहिली मोठी चाचणी १९०९ची, तुर्गेन्येव्ह यांच्या ‘खेड्यातला एक महिना’ या नाटकावर. हालचाली जवळजवळ काढून टाकल्या, नटांना बाकांवर खिळवून ठेवलं, बंद दाराआड तालमी घेतल्या. इथेच संहितेचे तुकडे पाडायची रीत रुळली. रशियनमध्ये त्यांचा शब्द अगदी घरगुती आहे: ‘कुस्की’, म्हणजे नुसते तुकडे. प्रत्येक तुकड्यात पात्रासमोर एक ‘झदाचा’ असते, गणितातलं उदाहरण असतं तशी. इंग्रजीत यांचे ‘युनिट’ आणि ‘ऑब्जेक्टिव्ह’ झाले आणि कानाला उगाच जड वाटू लागले.

तुकडे पाडायची कृती अशी. आधी परिस्थिती गोळा करायची: कोण, कुठे, केव्हा, आत्ताच काय घडून गेलंय. ही फक्त संहितेत आहे तेवढीच. मग संपूर्ण प्रवेश वाचून पात्राचा हेतू कुठे वळतो तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. दहा मिनिटांच्या प्रवेशात चार ते सहा रेघा पुरतात. वीस निघाल्या तर तुकडे पाडले नाहीत, वाक्यं मोजली असं समजावं. नट मग प्रत्येक वाक्यावर गिअर बदलतो आणि प्रवेश धक्के खात चालतो. रेघा मारून झाल्या की प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं, आणि ते क्रियापदातच. इथे स्तानिस्लावस्कींचा आग्रह पक्का होता. नाम दिलं की नट त्या नामाचं चित्र रंगवतो: ‘राग’ म्हटलं की भुवया, ‘दुःख’ म्हटलं की खांदे.

मराठीत यासाठी ‘-यचंय’ हे रूप फार सोयीचं आहे. मुलगा बापाकडे पैसे मागायला आलाय असा प्रवेश घ्या. ‘अगतिकता’ असं नाव दिलं तर तालमीत काहीच करता येत नाही. ‘मला बाबांना पेपर खाली ठेवायला लावायचंय’ म्हटलं की लगेच काम मिळतं: पेपर खाली आला की नाही हे डोळ्यांना दिसतं, नाही आला तर दुसरा उपाय करावा लागतो. पुढचा तुकडा ‘रक्कम ऐकून त्यांनी उठून जायला नको, म्हणून त्यांना बसवून ठेवायचंय’. अगतिकता त्यातून येते, मागवावी लागत नाही. नाव बरोबर पडलंय का याची एक खूण आहे: त्यात समोरचा माणूस असतो आणि काम फसण्याची शक्यता असते. ‘मला शांत राहायचंय’ हे नाव म्हणूनच पोचट. ते समोरच्याशिवायही करता येतं.

थिएटरमधल्या मुरलेल्या नटांना हे सगळं थेर वाटत होतं. १९११ मध्ये पद्धत अधिकृतपणे स्वीकारली गेली तरी कुरकुर थांबली नाही. म्हणून १९१२ मध्ये तरुणांसाठी वेगळा ‘फर्स्ट स्टुडिओ’ निघाला, लिओपोल्ड सुलेर्झित्स्की यांच्या देखरेखीखाली. पुढे नावाजलेले वाख्तान्गोव्ह, मायकेल चेकॉव्ह, बोलेस्लाव्स्की, उस्पेन्स्काया हे नट-दिग्दर्शक इथलेच. भावनिक स्मृतीवर सगळ्यात जास्त भर होता तो या काळात. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा गोंधळ इथूनच निघतो.

१९१७ मध्ये दस्तयेव्स्की यांच्या ‘स्तेपान्चिकोवो’वरच्या नाटकात कर्नल रोस्तानेव्हची भूमिका स्तानिस्लावस्कींकडे होती. लांबलेल्या तालमींत ते आतलं आतलं खणत राहिले आणि भूमिका बाहेर येईना. रंगीत तालमीपर्यंत मजल गेल्यावर नेमिरोविच यांनी ती काढून घेतली. त्यानंतर नव्या नाटकात त्यांनी नवी भूमिका उभी केली नाही. नटाने पद्धत शोधली आणि त्या पद्धतीत नटच अडकला, अशी ही गोष्ट. शिकवणाऱ्या प्रत्येक नटाने ती लक्षात ठेवावी. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पाहणारा डोळा रात्री स्वतःच्या कामावरून हटत नाही, आणि स्वतःला पाहत पाहत काम होत नाही.

१९२२ ते १९२४ कंपनी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. बोलेस्लाव्स्की न्यूयॉर्कमध्येच राहिले आणि १९२३ पासून शिकवू लागले. त्यांनी नेली ती ‘फर्स्ट स्टुडिओ’च्या काळातली शिदोरी. पुढे अमेरिकेत अभिनय शिकवून गाजलेले ली स्ट्रासबर्ग, स्टेला अ‍ॅडलर त्यांच्याकडे शिकले. १९३४ मध्ये अ‍ॅडलर पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याकडे काम केलं, आणि परत येऊन सहकाऱ्यांना सांगितलं की म्हातारा आता स्मृती उकरत बसत नाही, परिस्थिती आणि कृतीवर काम करतो. स्ट्रासबर्ग यांनी मानलं नाही. तिथून दोन घराणी झाली.

पुस्तकांनी भर घातली. नटाच्या आतल्या तयारीचा भाग इंग्रजीत १९३६ मध्ये आला आणि आवाज, शरीर, लय यांचा भाग १९४९ मध्ये. मधली तेरा वर्षं इंग्रजी वाचणाऱ्यांच्या हातात अर्धीच पद्धत होती. पुटपुटणारे, स्वतःतच बुडालेले नट हा या पद्धतीवरचा नेहमीचा आरोप. त्याचं एक कारण हे तेरा वर्षांचं अंतर आहे.

२९ ऑक्टोबर १९२८, आर्ट थिएटरच्या तिशीचा सोहळा. ‘थ्री सिस्टर्स’च्या पहिल्या अंकात वर्शिनिन करत असताना स्तानिस्लावस्कींना हृदयविकाराचा झटका आला. अंक त्यांनी पुरा केला. नट म्हणून तो शेवटचा. प्रकृतीसाठी ते फ्रान्समध्ये नीसला गेले आणि तिथून ‘ऑथेल्लो’चा आराखडा लिहून मॉस्कोला पाठवू लागले, पुस्तकभर भरेल एवढा. आजार उलटला म्हणायला हरकत नाही: पुन्हा लांब बसून, न दिसणाऱ्या नटांसाठी कागद. १९३० मध्ये नाटक आलं आणि फार चाललं नाही.

शेवटची काही वर्षं लिओन्त्येव्ह गल्लीतल्या घरातच गेली, पण शिक्षक म्हणून हीच सगळ्यात कसदार. १९३५ मध्ये ऑपेरा-नाट्य स्टुडिओ सुरू झाला. नाट्यविभागासाठी साडेतीन हजार उमेदवारांतून वीस जण निवडले. अभ्यासक्रम चार वर्षांचा: दोन वर्षं नटाने स्वतःवर करायचं काम, दोन वर्षं भूमिकेवरचं. शिकवणाऱ्यांत त्यांची बहीण झिनाइदाही होत्या.

इथे तालमीचा क्रम त्यांनी उलटा केला. पूर्वी महिनोन्‌महिने टेबलाभोवती वाचन चाले. आता नटाला प्रसंग दोन-चार वाक्यांत सांगायचा आणि विचारायचं: आज, इथे, या परिस्थितीत तू असतास तर काय केलं असतंस? कर. शब्द स्वतःचे. दार उघडणं, कोण आहे ते पाहणं, कागद लपवणं, अशा साध्या कृतींची साखळी आधी पक्की करायची. नाटककाराची वाक्यं मुद्दाम दूर ठेवायची. स्वतःच्या शब्दांनंतर ‘ता-ता-ती’ अशा निरर्थक अक्षरांत प्रवेश करून पाहायचा, म्हणजे अर्थ सुरांतून पोचतो का ते कळतं. कधी हातांवर बसवून बोलायला लावायचं, म्हणजे हातवाऱ्यांची कुबडी जाते. नटाला स्वतःचे शब्द अपुरे वाटू लागले की मग संहिता हातात द्यायची.

यात दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, कृतीच्या नावाखाली लगबग सुरू होते. नट टेबल पुसतो, पाणी ओततो, खिडकी लावतो, आणि यातल्या कशानेही समोरच्याला फरक पडत नाही. दुसरं, स्वतःचे शब्द तोंडात इतके बसतात की लेखकाचे शब्द उपरे वाटतात. पद्यनाटकात तर लयच मोडते. म्हणून सुचलेल्या शब्दांवरचा मुक्काम लांबवू नये. तीन-चार तालमी झाल्या की संहिता जवळ आणावी.

करून न दाखवता काय करायचं याचा सर्वांत चांगला धडा त्यांच्या पुस्तकातल्या एका वर्गात आहे. विद्यार्थिनीला सांगितलं जातं: पडद्यात टाचणी खोचलेली आहे, ती शोध, तुझी फी त्यावर अवलंबून आहे. ती धावते, पडदे उलटेपालटे करते, हात पिळते, उर भरून येतो. परत येते ती खुशीत. काम झकास झालं म्हणून. शिक्षक विचारतात, ‘टाचणी कुठाय?’ ती विसरलेलीच असते. आता खरंच शोध, नाही सापडली तर वर्ग सोडावा लागेल, असं म्हटल्यावर ती दुसऱ्यांदा जाते. या वेळी चेहरा शांत, बोटं प्रत्येक चुणीतून हळूहळू फिरतात. पाहणाऱ्यांचे डोळे तिच्यावरून हलत नाहीत.

शिक्षकाने ना रडून दाखवलं, ना शोधून. फक्त प्रश्न विचारला आणि पणाला काय लागलंय ते वाढवलं. नटाकडून दिग्दर्शनाकडे वळणाऱ्याने खुर्चीतून उठण्याआधी हे दोन उपाय करून पाहावेत. ‘तुला त्याच्याकडून काय हवंय?’ आणि ‘नाही मिळालं तर काय होईल?’ दहापैकी सात-आठ वेळा एवढ्यावर काम होतं. करून दाखवणं जिथे खरोखर लागतं त्या जागा वेगळ्या: जिन्यावरून पडणं, थप्पड, तलवार, जुन्या काळचा मुजरा, अवघड जोडाक्षर. ती कसबाची कामं आहेत, तिथे न दाखवणं हा आळस. पण वाक्याचा सूर दाखवू नये. द्यायचाच झाला तर चुकीचा, हास्यास्पद द्यावा, म्हणजे नट त्याची नक्कल करणार नाही.

शेवटच्या दिवसांत ते आर्ट थिएटरच्या मोजक्या नटांना घेऊन मोलिएरचं ‘तार्त्युफ’ घरी बसवत होते, पद्यनाटक मुद्दाम निवडून. मंचावर आणायची घाई नव्हती. हेतू शिकण्याचा, असं त्यांनी नटांना आधीच सांगून ठेवलं होतं. वासिली तोपोर्कोव्ह ऑर्गॉन करत होते; या तालमींचं सर्वांत तपशीलवार वर्णन त्यांनीच पुढे लिहिलं. ७ ऑगस्ट १९३८ रोजी स्तानिस्लावस्की गेले. ‘तार्त्युफ’ १९३९च्या डिसेंबरमध्ये मंचावर आलं. ते पुरं बसवलं मिखाईल केद्रोव्ह यांनी, जे स्वतःच तार्त्युफची भूमिका करत होते.